मळखाऊ

“दुष्काळ आपल्याला हाय, हिला न्हाई. साडी बघितली का काकू? बगळ्यावानी पांढरी.”

मी आत निऱ्या घालत होते. दाराच्या फटीतून अंगणातला हौद दिसायचा, आणि हौदापाशी उभ्या असलेल्या दोघीही. बोलणारी शेजारच्या खोलीतली कंपाउंडरची बायको. ऐकणाऱ्या आमच्या घरमालकीण काकू. काकूंनी हौदाचं झाकण बाजूला केलं, आत वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “पाणी रेघेच्या खाली गेलंय आजबी.”

रेघ कोळशाची होती. टँकर चार दिवसांनी यायचा. रोज सकाळी काकू तिन्ही बिऱ्हाडांना दोन-दोन घागरी भरून द्यायच्या आणि वाटप झालं की पाण्याला टेकून हौदाच्या भिंतीवर रेघ मारायच्या. दुसऱ्या दिवशी पाणी त्या रेघेखाली दिसलं, तर मधल्या वेळात कुणीतरी झाकण उघडलेलं असणार. त्या आठवड्यात तसं तीनदा झालं होतं.

मी निऱ्या खोचल्या आणि बाहेर पडले. कंपाउंडरच्या बायकोनं माझ्या पदराकडे पाहिलं, मग पायांकडे. पाय धुतलेले आहेत का ते.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. भाड्याच्या इमारतींत नवी ऑफिसं उघडली होती, आणि त्यातल्या एकात मी इंग्रजी टायपिस्ट होते. नांदेडच्या इंग्रजी शाळेनं मला ही नोकरी मिळवून दिली होती, आणि बोलायची सवयही त्याच शाळेनं मोडली होती. शाळेत एक भाषा, घरी दुसरी, मैत्रिणींच्या घरी तिसरीच मराठी. कुठे काय चुकेल याचा भरवसा नसायचा, म्हणून मी तोंड मिटून ठेवायला शिकले. माझ्याबद्दल काही सांगायचं ते माझी साडीच सांगायची. पांढरी सुती, बारीक काठांची, खळ दिलेली, घडीच्या रेषा स्पष्ट दिसणारी.

त्या वर्षी सगळं लातूर मळखाऊ झालं होतं. कत्थई, खाकी, गर्द जांभळा. कापडाच्या दुकानांतसुद्धा दर्शनी भागात तेच रंग. ऑफिसातले साहेब एक पँट आठवडाभर घालायचे. बायका एकमेकींना हसून सांगायच्या, “चार दिस झाले नेसून, कळतंय का?” न कळणं हीच हुशारी होती. त्यात मी रोज पांढरी. काकूंनी एकदा विचारलंही होतं, “पोरी, नवरा व्हायचाय अजून, अन् हे पांढरं कशाला?” मी नुसती हसले होते.

पांढऱ्याची सवय आईची. माझे वडील मुदखेडला रेल्वेत. त्यांचे शर्ट, आमचे फ्रॉक, तिच्या साड्या, सगळं फिक्या रंगाचं. दुकानदारानं कधी “ताई, हे घ्या, मळखाऊ आहे” म्हटलं की तिचा चेहरा बदलायचा. “मळलेलं दिसलं पाहिजे,” ती म्हणायची, “दिसलं तर धुवू. आपल्या लोकांनी लई वर्षं मळकं अंगावर वागवलंय.”

आणि धुणं? त्यात काहीच गूढ नव्हतं. शनिवारी अर्धा दिवस झाला की आठवड्याच्या साड्या पिशवीत कोंबायच्या, अहमदपूर-लोह्यावरून नांदेडची एसटी पकडायची, पुढे मुदखेड. जंक्शनला इंजिनांसाठी पाणी होतं, म्हणून क्वार्टरच्या नळालाही होतं. आई धुवायची, वडील इस्त्री करायचे. परतताना मी घड्या मांडीवर घेऊन बसायचे, चुरगळू नयेत म्हणून.

हे काकूंना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मुदखेड म्हटलं की कुठलं मुदखेड, रेल्वे म्हटलं की वडील कोण, आणि मग तो प्रश्न. खोली बघायला आले तेव्हा काकूंनी विचारला होता, “कुणाच्या तुम्ही?” मी घाबरून म्हणाले होते, “इंग्लिश मीडियमची.” त्या खूश झाल्या होत्या, आणि प्रश्न तिथेच राहिला होता. याआधी दोन घरांत तो पूर्ण विचारला गेला होता आणि खोली दुसऱ्याला दिल्याचं मला संध्याकाळी कळलं होतं. ज्या हौदातून रोज दोन घागरी घ्यायच्या, तिथे गप्प राहणं मला शहाणपणाचं वाटलं.

पण गप्प माणसावरच संशय जमतो. झाकणाला कडी आली, कडीला कुलूप. कंपाउंडरची बायको एकदा “कापड कुठलं हो बाई?” म्हणत माझा पदर बोटांत धरून बसली. ओल लागते का ते बघत होती, हे मला कळलं. मीही काही कमी नव्हते. तिच्या साडीचे ओचे एका सकाळी भिजलेले दिसले तेव्हा मला जवळजवळ आनंद झाला. ती बोअरच्या रांगेत उभी होती हे नंतर कळलं, तरी मी दोन दिवस तिच्या ओच्यांवर नजर ठेवली. हौदातलं पाणी कोण नेत होतं, की हौदच पाझरत होता, मला आजही ठाऊक नाही.

शेवटी मी घाबरले. ऑफिस सुटल्यावर दुकानात गेले आणि एक कत्थई साडी घेतली. दुकानदार म्हणाला, “आठ दिस नेसा ताई, काय समजत न्हाई.” मंगळवारी ती नेसून अंगणात आले. मला वाटलं, आता मी इतरांसारखी दिसते, आता कुणी बघणार नाही.

“आता कशी!” कंपाउंडरची बायको टाळी वाजवून म्हणाली. “कुलूप लागलं अन् रंग उतरला. बघा काकू, मी काय म्हणलं होतं?”

दिवसभर टाइप करताना माझ्या चुका झाल्या. पांढरी नेसून मी नुसती संशयित होते, आणि कत्थई नेसून मी कबुली दिली होती. माझ्या अंगावर माझ्याविरुद्ध साक्ष देणारं कापड होतं, आणि ते मीच पैसे देऊन आणलं होतं.

संध्याकाळी काकू दारात आल्या. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. “पोरी, शिकलेली हायेस. खरं काय ते सांग, न्हाईतर महिनाअखेर खोली मोकळी कर.”

“उद्या सांगते,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. उद्या सांगते म्हणणारा माणूस काय सांगणार, हे त्यांना माहीतच होतं.

सकाळी मी कत्थई साडी घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवली. धुतलेली पांढरी बाहेर काढली. आईनं पदराच्या टोकाला बारीक टीप घातली होती, ती हाताला लागली. घागर घेऊन मी हौदापाशी गेले. काकू कुलूप काढत होत्या, कंपाउंडरची बायको कमरेवर हात ठेवून उभी. माझा आवाज बारीक निघेल असं वाटलं होतं, पण तो अंगणभर ऐकू गेला.

“काकू, ही साडी मुदखेडला धुतलीय, रेल्वे क्वार्टरच्या नळावर, माझ्या आईनं. दर शनिवारी धुवायला नेते. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतंत ना, कुणाच्या तुम्ही? आम्ही बौद्ध आहोत. आज पहिला नंबर माझा आहे, झाकण उघडा.”