सगळ्यांचं एकच वाक्य

भिवंडीजवळच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये मी सेफ्टी ऑफिसर होतो, तेव्हाची गोष्ट. सकाळच्या शिफ्टला रॅकच्या तिसऱ्या मजल्यावरून मालाने भरलेलं पॅलेट खाली आलं आणि एका लोडरच्या पायाचं हाड मोडलं. ते पॅलेट वर ठेवणारा फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर त्याच्याच गावचा, उत्तर प्रदेशातला. निजामपुऱ्यात दोघं एकाच खोलीत राहायचे.

चौकशी माझ्याकडे आली आणि पहिली चूक मीच केली. तेव्हा आसपास असलेल्या पाच जणांना साक्षीदार म्हणून कॅन्टीनमध्ये एकत्र बसवून ठेवलं. तासाभराने एकेकाला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं, तेही मॅनेजर समोर असताना. माझा प्रश्न एकच, ड्रायव्हर फोनवर होता का? सगळे म्हणाले, हो, फोन कानाला लावलेला होता. ड्रायव्हर शपथा घेऊन नाही म्हणत होता. त्याला घरी बसायला सांगितलं.

दुपारी जबाब नीट लिहायला घेतले आणि हात थांबला. पाचही जबाबांत तेच वाक्य होतं, ‘फोन कानाला लावलेला होता.’ खरं तर एकच प्रसंग पाहिलेल्यांतला कुणी आधी आवाज सांगतो, कुणी धूळ, कुणाला नुसती किंकाळी आठवते. हे वाक्य कॅन्टीनमध्ये तयार झालं असणार, आणि त्यात माझ्या प्रश्नाचाही हात होताच.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरना सांगितलं की आज मी एकटाच बोलतो, जागेवर जाऊन. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण हरकत घेतली नाही. मी प्रत्येकाला तो तेव्हा जिथे होता तिथे उभं केलं. दोघांना खोक्यांच्या थप्पीआडून रॅक दिसतच नव्हता. आणखी दोघं आवाज ऐकून नंतर धावत आले होते.

पाचवी होती पॅकिंगच्या टेबलावरची मावशी. दिघाशी गावाहून यायची, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिच्या टेबलावरून रॅक सरळ समोर दिसत होता. मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, मावशी, तुम्हाला जे दिसलं ते पहिल्यापासून सांगा. मग गप्प राहिलो.

ती खोक्याला टेप लावत राहिली. मग म्हणाली, "काल तुमी इचारलात, फोन होता का. होता, म्हनून मी हो बोलले. कवा होता, ता कुनी इचारलाच न्हाय."

मग तिने सावकाश सगळं सांगितलं. ड्रायव्हरने पॅलेट नीट ठेवलं होतं. गाडी मागे घेतली होती, दोन्ही हात गाडीवरच होते. मग वरून टक्‌ असा आवाज आला, रॅकची आडवी पट्टी एका बाजूने निसटली आणि माल खाली आला. ड्रायव्हरने उडी मारली, मित्राला बाहेर ओढलं आणि तेव्हा कुठे फोन कानाला लावला, ॲम्ब्युलन्ससाठी.

ॲम्ब्युलन्सला केलेल्या फोनची वेळ आणि दारावरच्या कॅमेऱ्यातली आमच्या पळापळीची वेळ जुळली. मग शिडी लावून वर पाहिलं. पट्टी अडकवून ठेवणारी पिनच नव्हती, आणि त्या रांगेत आणखी चार ठिकाणी नव्हत्या. संध्याकाळच्या आत अख्खी रांग रिकामी केली. शेवटचं पॅलेट जमिनीवर टेकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी सकाळपासून खांदे आवळून चालत होतो.

ड्रायव्हरला मी स्वतः फोन केला, माफी मागितली आणि ड्युटीवर यायला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "साहब, उसको बताया?"

लोडरनेही ती फोनची गोष्ट ऐकली होती आणि मित्राला भेटायला येऊ नको म्हणून कळवलं होतं. मी दवाखान्यात जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्याने उशीकडे तोंड फिरवलं आणि मित्राला लावायला माझाच फोन मागितला.

अर्ध्या तासाने मी निघालो तेव्हा ड्रायव्हर जिन्यातच भेटला, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होता.