बंब बंदोबस्ताला आहे

मी माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला तो विषय, ज्याला मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी हात लावतात. नगरपालिकेची आवश्यक कामे कोणती, हा प्रश्न हमखास येतो आणि पाणी, दिवाबत्ती, साफसफाई यांच्या रांगेत ‘आग विझवणे’ हे मुलं न चुकता लिहितात. ग्रामपंचायतीच्या कायद्यात मात्र शब्द निराळा आहे. तिथे आग लागल्यास रहिवाशांना ‘मदत करणे’ एवढंच आहे. शहराची आग विझवायची, गावाला मदत करायची. मुलं घाईघाईत ‘आगीला मदत करणे’ असं लिहून जातात. पूर्वी मी त्यावर लाल रेघ मारायचे. आता मारत नाही, कारण उत्तर बरोबर आहे.

आम्ही गावठाणात नाही, वस्तीवर राहतो. चहूबाजूंनी ऊस, मधून एक डांबरी रस्ता, आणि आमच्या बांधाला बांध लावून वहिनींची वस्ती. वहिनी नात्याच्या नाहीत, पण इतक्या वर्षांत दुसरं काही म्हणायचं सुचलंही नाही. शेत त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर, उसाचं बिल सासऱ्यांच्या खात्यावर. दारातल्या चार संकरित गायी तेवढ्या वहिनींच्या. पहिली कालवड त्यांनी बचत गटाच्या कर्जातून आणली आणि बाकीचा गोठा तिच्या पोटचा. दुधाचे पैसे वहिनींच्या खात्यावर यायचे आणि त्यातून पोरीची नर्सिंगची फी जायची. घरात कुणाला विचारावं न लागणारी तेवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती.

तो रविवार कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचा. दरवर्षी हंगामाआधी बॉयलर पेटवायचा समारंभ होतो, पूजा होते, भाषणं होतात. त्या वर्षी मंत्री येणार होते. शिर्डीचं दर्शन घेऊन ते हेलिकॉप्टरने आमच्याकडे यायचे, आणि हेलिकॉप्टर उतरायला जागा कुठली, तर आमच्या शाळेचं मैदान. आठवडाभर तिथे रोलर फिरला. कबड्डीच्या मैदानावर फक्कीने मोठा इंग्रजी एच काढला. उन्हाळ्यात मुलांना प्यायला टँकर मागितला तर आम्हाला अर्ज करा म्हणतात. त्या शनिवारी मात्र धूळ उडू नये म्हणून पालिकेच्या बंबाने मैदान भिजवलं. मी शिक्षकखोलीच्या खिडकीतून ते पाहत होते आणि तेव्हाच माझ्या तोंडून एक वाईट शब्द गेला होता.

आग लागली ती घरच्या लाइटीवर चालणाऱ्या कडबाकुट्टी यंत्राच्या वायरीमुळे. ठिणगी वाळक्या चाऱ्यावर पडली आणि गोठ्यावर शाकारलेलं उसाचं पाचट पेटायला किती वेळ लागतो ते उसाच्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको. मी ओट्यावर गहू निवडत होते. आधी वास आला, मग वहिनींचं ओरडणं. आम्ही धावलो. विहीर होती, मोटर होती, पाइप होता, पण त्या आठवड्यात शेतीची लाइट फक्त रात्रीची होती, मोटर चालणार नव्हती. पाणी समोर दिसत होतं आणि ते वर काढायला हात आणि बादल्या. एक जण डाळिंबावर फवारायचा ब्लोअर आणायला ट्रॅक्टरकडे पळाला. मी बंबाला फोन लावला.

तालुक्यात चालू स्थितीतला बंब एकच, पालिकेचा. दुसरा कारखान्याचा, तो बॉयलरपाशी उभा. पालिकेच्या माणसाने फोन उचलला, गाव विचारलं, आणि शांतपणे म्हणाला, “मॅडम, बंब बंदोबस्ताला आहे. हेलिकॉप्टर उडाल्याशिवाय हलवता येत नाही.”

आमच्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी ती वर्गात कितीदा वापरली असेल. पण म्हणीतला बंब निदान चुकून भलतीकडे जातो. आमचा बंब मुद्दाम भलतीकडे उभा केला होता, आणि तो उभा होता ती माझी शाळा होती. स्कूटी काढली आणि निघाले.

मैदानाच्या फाटकावर पोलीस. आत हेलिकॉप्टर उभं, रिकामं. मंत्री कधीच कारखान्यावर गेले होते. पायलट सावलीत खुर्ची टाकून मोबाईल बघत होता. आणि त्या रिकाम्या यंत्राकडे तोंड करून आमचा बंब, धुऊन पुसून लखलखीत, टाकी काठोकाठ भरलेली. मागे वळून पाहिलं तर उसाच्या शेंड्यांवर वहिनींच्या वस्तीचा धूर दिसत होता. तो मला दिसत होता तसा तिथल्या प्रत्येकाला दिसत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती विझवायलाही तिथे कुणी नव्हतं.

बंबाचा चालक आपण होऊन पुढे आला. त्याने इंजीन चालू करून ठेवलं होतं. मला म्हणाला, “ताई, मी आत्ता निघतो. फक्त ह्यांच्यातल्या एकानं हो म्हनावं.”

ह्यांच्यातले म्हणजे एक पोलीस अधिकारी, एक पालिकेचे साहेब आणि एक महसूलचे. पोलीस अधिकारी म्हणाले की बंब पालिकेचा आहे, पालिकेने सांगावं. पालिकेचे साहेब म्हणाले की आज तो बंदोबस्तात दिलाय, पोलिसांनी सोडावा. महसूलच्या साहेबांनी वर फोन लावला. वरचे साहेब मंचावर बसले होते आणि मंचावर फोन बंद. मी सांगितलं की गोठ्यात गायी बांधलेल्या आहेत, बाई एकटी आत शिरतेय. मी हातही जोडले. ज्यांना जोडू नयेत त्यांना जोडले याचा मला अजून राग आहे. पोलीस अधिकारी वाईट माणूस नव्हता. तो खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, मला कळतंय. पण हेलिकॉप्टरजवळ गाडी नाही असं झालं, तर उद्या मी नाही.” एवढे नियम मी शिकवलेत, पण एखादा नियम इतक्या मनापासून पाळलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मी परत आले तेव्हा गोठा बसला होता. ब्लोअरने जमेल तेवढं पाणी मारलं होतं, त्यामुळे घर वाचलं. वहिनींनी दोन गायी बाहेर काढल्या होत्या. तिसरीच्या गळ्याची साखळी तापून लाल झाली होती आणि ती त्यांनी उघड्या हातांनी सोडवायला घेतली. सुटली नाही. दिरांनी त्यांना मागून कमरेला धरून ओढून काढलं. गाय आतच राहिली, आणि तिच्या पलीकडची पहिली, बचत गटाच्या कर्जातली, तीही. वहिनी रडत नव्हत्या. दोन्ही हात पुढे धरून उभ्या होत्या आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

अॅम्ब्युलन्सला फोन केला, तर जवळची गाडी मंत्र्यांच्या ताफ्यात. दुसरी संगमनेरहून निघेल म्हणाले. आम्ही वाट पाहिली नाही. डेअरीचा टेम्पो आला होता, त्याने दुधाचे कॅन रस्त्याच्या कडेला उतरवले आणि वहिनींना घेऊन गेला. मी त्यांच्यासोबत मागे बसले होते. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. वहिनींनी वर पाहिलं, मीही पाहिलं.

त्यानंतर बंब आला. आमच्या घरच्यांनी सांगितलं की त्या चालकाने गाडी जिवाच्या आकांताने आणली आणि राखेवर पाणी मारताना तो मान वर करत नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मंत्र्यांचं भाषण होतं. अग्निशमनाचे कायदे आणखी कडक करणार, असं ते म्हणाले होते. करा की. कायद्याने माझ्या शाळेच्या भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलाय, तपासणीला माणूस येतो, चांगलंच आहे. पण गावात आग लागली तर यायचं कुणी, हे मला त्या कायद्यांत कुठे सापडलेलं नाही, आणि मी वाचणारी बाई आहे.

मी पालिकेत गेले. भांडायलाच गेले. साहेबांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं की तुमचं गाव आमच्या हद्दीत येत नाही. हद्दीबाहेर जायचं आमच्यावर बंधन नाही, तरी आम्ही माणुसकीच्या भावनेतून गाडी पाठवली. मी विचारलं, हेलिकॉप्टर उभं होतं ते मैदानही ग्रामपंचायतीच्याच हद्दीतलं, मग तिथे हद्द आडवी कशी आली नाही? साहेब म्हणाले, तो विषय वेगळा. चहा मी तसाच ठेवला आणि उठले. ग्रामपंचायतीत विचारलं तर ग्रामसेवक म्हणाले, आम्ही मदत केली ना मॅडम, ब्लोअर सरपंचांचाच होता.

वहिनींचे हात बरे झाले म्हणायचे. कातडी आली, पण बोटं पुरती मिटत नाहीत. धार काढता येत नाही. उरलेल्या दोनपैकी एक गाय विकली, पोरीचं शेवटचं वर्ष त्यात निघालं. एक राहिली, तिच्यापुरता गोठा पुन्हा शाकारला. तिची धार आता सासूबाई काढतात आणि डेअरीच्या खात्यावरचं नावही त्यांचंच झालंय. हे सांगताना वहिनी हसल्या होत्या. मला ते हसू सहन झालं नाही.

वर्षाने पुन्हा बॉयलर पेटवायचे दिवस आले. कारखान्याचे एक पदाधिकारी वहिनींकडे आले. मी तिथेच बसले होते. पाहुण्यांच्या हस्ते वहिनींचा सत्कार करायचं ठरलंय, असं ते म्हणाले. जिवावर उदार होऊन जनावरं वाचवली, शाल-श्रीफळ द्यायचं, गाडी न्यायला येईल. सासूबाईंना बरं वाटलं. मला त्या पदाधिकाऱ्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, पण घर माझं नव्हतं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सत्कार न्हाई केला तरी चालंल. त्या दिवशी बंब कुठं उभा राहनार हाय, तेवढं सांगा. हिकडं येनार नसंल, तर मी गाय आदीच सोडून ठिवते.”

पदाधिकारी हसले. मग त्यांना दिसलं की वहिनी हसत नाहीत. विचारून सांगतो म्हणाले आणि चहा न घेता गेले. सांगायला कुणी आलं नाही.

समारंभाच्या दिवशी हेलिकॉप्टरचा आवाज आला तशी मी बाहेर आले. वहिनी गाय घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. बोटांत कासरा धरता येत नाही, म्हणून तो कोपराला गुंडाळलेला. मी म्हटलं, वहिनी, ऊन लागेल, मी धरते. त्यांनी कासरा दिला नाही. हेलिकॉप्टर परत जाईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या, आणि मग त्यांनी गाय गोठ्यात नेली.