बॅनरवरचे माझे केस

मैत्रिणींनो, आज डोकं लई तापलं.

मी गावच्या दूध सोसायटीच्या निवडणुकीला उभी हाय. बॅनर आणायला माजलगावला गेलते, तर दुकानदारानं माझे कुरळे केस कॉम्प्युटरवर परस्पर सरळ करून ठेवलेले!

"ताई, असं चांगलं दिसतं," म्हणाला.

लहानपणी दुष्काळात टँकरच्या पाण्यात हे केस धुणं व्हायचं न्हाई, म्हणून आई कातरीनं बारीक करायची. वाढले की पोरी 'झिपरी' म्हणायच्या. लई रडलेय मी. आता तेच केस मला आवडतेत.

त्याला म्हणलं, "दादा, सारं गाव मला ह्या केसांवरून वळखतं. ह्या सरळ केसांच्या बाईला मत कोण देणार?"

समोर बसून बॅनर पुन्हा छापून घेतलं. उद्या वेशीत लागंल.

झिपरी म्हणणाऱ्यांनो, बघायला या!