रुखसानाच्या बारा वाकळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आज सांगतेय तेही वैतागून. ‘सर्व धर्मांतील दान’ या विषयावर मी शाळाशाळांतून भाषणं देत फिरते. गुप्तदान, जकात, लंगर — सगळं तोंडपाठ. मग टाळ्या, शाल, नारळ. वीट आलाय त्या शालींचा! आणि त्या खांद्यावर घेणाऱ्या माझाही.

सांगलीत पूर आला तेव्हा तासगावहून आमच्या गल्लीचा मदतीचा टेम्पो निघाला. शेजारची रुखसाना माझ्या मागच्या दाराशी आली. बारा वाकळा, म्हणजे जाड गोधड्या, घेऊन — लेकीच्या लग्नासाठी तीन वर्षं खपून हातानं शिवलेल्या.

“बाई, माजं नाव कुटं घिऊ नगा. दिल्यालं डाव्या हाताला बी कळाय नगं, आसं आमच्यात हाय.”

टेम्पोबरोबर मीही गेले. पूरग्रस्तांच्या छावणीत एका म्हातारीनं वाकळंवरनं हात फिरवला. “कुणी शिवल्या वं एवढ्या नेटक्या?”

मी म्हटलं — “मीच.”

का म्हटलं? नाव सांगायचं नव्हतं, तर ‘एका बाईनं’ एवढं म्हणता आलं नसतं? बरोबरच्या बायकांनी ऐकलं, गल्लीत कौतुक झालं, पहिल्या भाषणाचं बोलावणं आलं. मी गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तर — पण कुठं थांबतं? दोन वर्षांनी वादळात रुखसानाच्या घराचे पत्रे उडाले. कुणाकुणाला नवे पत्रे द्यायचे, हे ठरवायला गल्लीची बैठक बसली. एकजण म्हणाला, “पुराच्या वक्ताला हेंच्या घरातनं काय आलं हुतं?”

रुखसाना दाराशीच बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. आणि मी? मी पिशवीत चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यावरच होता.

पत्रे दुसऱ्यांना गेले. अख्खा पावसाळा रुखसानाच्या घरची चौघं ताडपत्रीखाली राहिली. लेकीचं लग्न पुढं ढकललं.

तिनं मला कधीच विचारलं नाही. अजून कालवणाची वाटी पाठवते. याचाच संताप येतो — एकदा तरी भांडायचं होतंस की गं! चारचौघांत माझी लाज काढायची होतीस!

बघा — अजून मी तिलाच बोल लावतेय. तिनं शब्द पाळला. मी खोटं बोलले, आणि जिथं खरं बोलायचं होतं तिथं गप्प बसले. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती भिंतीपलीकडंच राहते.