बाबांच्या गाडीला अ‍ॅम्प्लिफायर बसवला तेव्हा

देवळीत माझं गाड्यांना स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर बसवण्याचं दुकान आहे. बाबांना माझा हा धंदा कधीच पटला नाही. "चांगल्या गाडीचा डीजे करून टाकतं तू," असं म्हणायचे. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात ते स्वतः गाडी घेऊन दुकानात आले आणि "मले बी बसवून दे, भजन नीट ऐकू येत नाई यात" म्हणाले, तेव्हा मी आधी मागच्या सीटवर बसलेल्या आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

बाबा भजन मंडळात चाळीस वर्षं खंजिरी वाजवत. त्या दिवसाच्या चार महिने आधी त्यांनी एकाएकी जाणं सोडलं होतं. गुडघे दुखतात म्हणाले, पण शेतात मात्र रोज पायीच जात. भजनाचा वार, गुरुवार, आला की घरातल्या घरात पाहुण्यासारखे अवघडून बसत. मला ते बघवत नसे.

म्हणून काम मन लावून केलं. बॅटरीपासून जाड लाल वायर आत आणली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला. अर्थिंगसाठी सीटखालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडला. आवाजाची वायर मुद्दाम दुसऱ्या बाजूने नेली, नाहीतर इंजिनाची घरघर भजनात शिरते. मग अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर, हळूहळू वाढवला आणि आवाज फाटू लागला तिथून थोडा मागे घेतला. बाबांनी मोबाइल दिला. त्यांच्या शेवटच्या गुरुवारचं भजन कुणीतरी त्यात रेकॉर्ड करून पाठवलं होतं.

थोडं ऐकून ते म्हणाले, "थाप येते, पन झांजा नाई वाजून राह्यल्या."

झांजा म्हणजे खंजिरीच्या कडेला असतात त्या पितळी चकत्या. मला तर त्यांची किणकिण छान ऐकू येत होती. पण गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. दाराचं पॅनेल उघडलं, बारीक आवाजाचा छोटा स्पीकर बदलला, वायरी तपासल्या. आता? नाई. तिसऱ्यांदा दार खोलावं लागलं तेव्हा माझं डोकं सटकलं.

"बाबा, चांगल्या वाजून राह्यल्या ना! तुमाले काऊन ऐकू येत नाई?"

बोललो आणि जीभ चावली. आई मागून हळूच म्हणाली, "दारावरची बेल बी त्याईले ऐकू येत नाई. मीच सांगतलं नाई तुले."

मला अपराध्यासारखं झालं. आधीच भजन सुटलेलं, त्यात आता कानही गेला हे मीच त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. सॉरी म्हणायची आमच्या घरात रीत नाही. मी बारीक आवाज वाढवणारं ट्रेबलचं बटण धरलं आणि फिरवत राहिलो. एवढं कुणी लावायला सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं. माझ्या कानात टाचण्या टोचत होत्या. आईने पिशवीतला वातींचा कापूस काढला, दोन बोळे केले आणि कानांत घातले. मी आणखी थोडं फिरवलं, तेव्हा बाबांनी हात वर केला.

"थांब. हे कोन वाजवते?"

"तुमीच. दुसरं कोन?"

त्यांनी डोळे मिटून अख्खं भजन ऐकलं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं.

"एक बी ठेका चुकला नाई," ते म्हणाले. "मले वाटे, हात गेला. थाप मारो तं नुसती थापच ऐकू ये, झांजा नाई. म्हटलं, बोटात जोर नाई राह्यला, अन् मंडळी मन राखून गप्प हाय. म्हून सोडलं."

मग उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत ते हसले. "हात चांगला हाय रे. कानच गेला."

कान गेल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कानांत बोळे घातलेली आई "काय म्हनते? काय म्हनते ते?" असं मला विचारत राहिली, तेव्हा मी तिच्या कानातला एक बोळा काढला आणि म्हणालो, "हात चांगला हाय म्हनते."