बाबांचं मीठ बंद झालं तेव्हा

आमच्या घरात मीठ कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. कोलशेतच्या खाडीकाठी बाबा मिठागर सांभाळायचे, आई तिथेच मिठाच्या पाट्या वाहायची, आणि चुलीजवळचं मडकं रिकामं झालं की मी जाऊन भरून आणायची. अशा घरातल्या माणसाला डॉक्टरांनी मीठ बंद केलं. माझं लग्न ठरायच्या आधीची, पन्नास सालानंतरची ही गोष्ट.

बाबा गेले होते पायाची जखम दाखवायला. सोबत मी. ठाण्याच्या डॉक्टरांनी पाय बघितला, मग सहज म्हणून दंडाला पट्टा बांधून फुगवला आणि पाऱ्याकडे बघतच राहिले. पुन्हा फुगवला.

"रक्ताचा दाब फार वाढलाय," ते म्हणाले.

"माझा तर काय दुखत नाय."

"तेच वाईट. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, आणि एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं."

आमचे थोरले काका तसेच गेले होते. जेवता जेवता हातातला घास गळाला, तेव्हापासून दोन वर्षं बाजेवर. बाबा म्हणाले, "बांधाचा पन तसाच. भरतीचा पानी रेटतंय तवा बांधाला काय दुखत नाय. फुटतो तवाच कलतंय."

डॉक्टर एकदम खूश. अडाणी माणसाला इतकं पटकन कळेल असं त्यांना वाटलं नसावं. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, बरं वाटलं तरी सोडायची नाही, विडी बंद आणि मीठ अगदी बंद, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

झालं, घरी मी कारभार हातात घेतला. सातवी पास झालेली घरात मी एकटीच, तेव्हा डॉक्टरांचं बोलणं फक्त मलाच कळलंय अशी माझी पक्की समजूत होती. बाबांची डाळ वेगळी, भाजी वेगळी, पळीसुद्धा वेगळी. रांधायची मी, वाढायची आई, आणि मी चुलीजवळून डोळ्यांत तेल घालून बघायची. बाबा बिचारे अळणी भाताकडे बघत बसायचे. पुढ्यात आलेलं अन्न परत सारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, ते आता रोज दिसत होतं.

महिन्याने पारा जिथल्या तिथे. आणखी एका महिन्यानेही तसाच. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळ्या तर मीच मोजून देत होते. मग उरलं कोण?

घरी येऊन मी पाट्या उतरवून नुकत्याच टेकलेल्या आईवर तुटून पडले. "तूच चोरून मीठ घालतेस त्यांच्या ताटात. त्यांना काही झालं तर ते तुझ्या हातून होईल."

"तुझी आन बाय, चिमूटभर पन घातला नाय," आई म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही. माझा स्वभावच तसा होता. एकदा ठरवलं की ठरवलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आईलाही बोलावलं. मला म्हणाले, तुम्ही बोलू नका. मग बाबांना विचारलं, "काल काय काय खाल्लंत?"

"भाकर, आळनी डाल, भात," बाबांनी आठवून आठवून सांगितलं. "न बाय भाजून देते तो सुका बांगडा."

"रोज?"

"दोनी येलंला. नायतर घास उतरत नाय."

डॉक्टरांनी पट्टा खाली ठेवला आणि हसू लागले. माझ्या मात्र पायाखालची जमीन सरकली. बाबा उपाशी उठतात हे बघवत नव्हतं म्हणून मीच रोज निखाऱ्यावर बांगडा भाजत होते. तो खारवताना मिठाचे थर याच हातांनी लावले होते. पण आमच्याकडे मीठ म्हणजे मडक्यातलं. बांगडा ही मासळी. ती कोण मिठात धरतो?

बांगडा बंद झाला. त्याच्या जागी चिंच आली, लसूण आला, हिरवी मिरची आली, आणि बाबा कुरकुरत का होईना जेवू लागले. पुढच्या महिन्यात आईही सोबत आली. डॉक्टरांनी पट्टा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. "उतरलाय," ते म्हणाले. "छान उतरलाय. असंच चालू ठेवा." मला इतकं हलकं वाटलं की मी डॉक्टरांच्या पाया पडले, मग बाबांच्याही.

बाबा आत गोळ्या घेत होते. आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो. आई स्वतःचे तळवे बघत होती. मिठाने चिरलेले होतेच, पण आता पार सोललेले दिसत होते. मी विचारलं, हे काय?

"मना वाटला, पाट्यांचा मीठ माझ्या हातानी जातंय त्यांच्या ताटान," ती म्हणाली. "राखेनी घासून घासून मंग वाढाची मी. डॉक्टर बांगड्याचा बोलला, पन पारा उतरंपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

'तुझ्या हातून होईल' असं त्या दिवशी मी एका दमात बोलून मोकळी झाले होते. मी तिचे हात धरले आणि भर रस्त्यावर रडले. "तुझ्यामुलं नव्हता आये, माझ्यामुलं," मी म्हटलं.

"जाऊ दे गो," ती म्हणाली, "उतरला ना."