चाचांची घोडी आणि माझा पाठलाग

सत्तरच्या दशकात मी पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेत होतो. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक छोटा मूकपट करायचा होता. मी पाठलाग निवडला आणि कॅमेरा घेऊन कोल्हापूरला घरी आलो. टांग्यातून पळणारा चोर आणि सायकलवरून त्याच्यामागे लागलेला एक तरुण, एवढीच गोष्ट.

टांगा शेजारच्या चाचांचा. त्यांचा मुलगा माझा शाळेपासूनचा मित्र, सायकलवर तो बसणार होता. चोर कुणाला करायचं हे ठरेना, तेव्हा चाचाच म्हणाले, "चोर मी हुतो की. माझी घोडी दुसऱ्याच्या हातात पळायची न्हाय."

कसबा बावड्याच्या बाजूला उसातून जाणारा एक वळणाचा रस्ता आम्ही बघून ठेवला. आदल्या दिवशी चाचांनी स्वतः त्यावरचे धोंडे उचलून बाजूला टाकले. शूटिंगला ते दाढी करून, लग्नातला कोट घालून आले. "चोर म्हनून काय गबाळं दिसायचं व्हय?"

पहिल्याच खेपेला घोडी भरधाव आली. आयाळ उडतेय, चाकं घुमताहेत, चाचा मागं वळून बघताहेत आणि मित्र जीव खाऊन पायडल मारतोय. मी ओरडलो, "मिळालं! झालं!"

चाचा टांगा वळवून परत आले. मित्र म्हणाला, "अब्बा, बास आता. दमली ती."

"दमलीया कुठं? कान बघ कसं ताठ केल्यात. लाव रं पोरा मशीन, आनि एकदा पळवतो."

त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मीही कॅमेऱ्याला चावी दिली.

आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात वळणावरून साखर कारखान्याकडं उसाच्या गाड्या गेल्या होत्या. वळणावर चिरडलेला ऊस पडला होता. तो कुणालाच दिसला नाही. घोडीचा पुढचा पाय त्यावर घसरला आणि टांगा आडवा झाला. चाचा उसात फेकले गेले, उठून धावत आले. घोडी उठेना.

मित्रानं सायकलवरून जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी पाय बघितला आणि म्हणाले, "हाड जुळायचं नाही. तिला त्रासात ठेवू नका."

चाचा रस्त्यातच बसले. तिचं डोकं मांडीवर घेतलं, कोट काढून तिच्या डोळ्यांवर टाकला. "सुई द्या साहेब. पर मी हितनं हालनार न्हाय."

मला कुणी दोष दिला नाही. चाचीनं नेहमीसारखी खीर पाठवली, ती मी तशीच झाकून ठेवली. चाचांनी दुसरं जनावर घेतलं नाही. रोज टांग्याच्या अड्ड्यावर जायचे आणि इतरांच्या घोड्यांना गवत घालत बसायचे.

दिवाळीत मी पुण्याहून फिल्म आणि प्रोजेक्टर घेऊन आलो. चाचांनीच निरोप धाडला होता, बघायचंय म्हणून. दुपारी त्यांच्या खोलीच्या खिडकीला वाकळ लावून अंधार केला. भिंतीवर घोडी धावत आली, तसे चाचा पुढं सरकले.

"हळू गं बाय," ते पुटपुटले. "हळू. फुडं वळान हाय."

वळणाच्या आधीच चित्र संपलं.

"फुडं?"

"पुढचं कापलं, चाचा."

"ब्येस केलंस," ते म्हणाले. मग त्यांनी पटक्याचं टोक तोंडात कोंबलं आणि त्यातूनही बाहेर ऐकू जाईल असे ते रडले. मित्र खिडकीवरची वाकळ काढायला उठला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.